वेळापत्रक कोण करते?

महाविद्यालयात जून महिन्यातले सर्वांत अवघड काम कोणते, असे बाहेरच्या माणसाला विचारले तर तो प्रवेशाचे नाव घेईल. आतला माणूस वेळापत्रकाचे नाव घेतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवी श्रेयांक-रचना (म्हणजे विषयांना 'क्रेडिट' देण्याची पद्धत) महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली, तेव्हापासून तर हे काम दुपटीने किचकट झाले आहे. एखाद्या विद्यार्थिनीचा मुख्य विषय इतिहास, मायनर म्हणजे दुय्यम विषय अर्थशास्त्र, खुला वैकल्पिक विषय वाणिज्य शाखेतला, शिवाय कौशल्याचा एक, भाषेचा एक, भारतीय ज्ञानप्रणालीचा एक. आणि अशा प्रत्येकीची निवड वेगळी. तीन शाखांच्या विद्यार्थ्यांना एकाच वेळी मोकळा तास मिळाल्याशिवाय खुला विषय शिकवता येत नाही, आणि तसा तास काढायचा तर त्याच वेळी तेवढ्या खोल्याही मोकळ्या असाव्या लागतात. सकाळी त्याच खोल्यांत कनिष्ठ महाविद्यालय भरलेले असते. तासिका तत्त्वावरील, म्हणजे तासागणिक मानधनावर काम करणाऱ्या, प्राध्यापकांच्या नेमणुका बहुधा सत्र सुरू झाल्यावर होतात, म्हणून जूनच्या वेळापत्रकात कित्येक चौकटींत नावाच्या जागी नुसती रेघ असते. ग्रामीण भागात शेवटचा तास एस.टी. सुटण्याआधी संपला नाही तर त्या तासाला वर्गात फारसे कोणी राहत नाही, आणि मुली तर नाहीतच.

या सगळ्याचा मेळ घालणारा एक माणूस प्रत्येक महाविद्यालयात असतो. तो बहुतेक वेळा प्राचार्य नसतो, उपप्राचार्यही नसतो. पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेला, कोणत्या खोलीतला पंखा बंद आहे येथपासून कोणत्या विभागात कोणाचे कोणाशी जमत नाही येथपर्यंत सगळे ठाऊक असलेला तो एक प्राध्यापक असतो. मी वाणिज्य शाखेत तीन दशके शिकवले आणि त्यांतली अकरा वर्षे वेळापत्रक समितीत काढली, म्हणून हे सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे. माझ्या स्वयंमूल्यमापन अहवालात या कामाने दरवर्षी एक ओळ व्यापली. एक दिवसाच्या चर्चासत्रात बसून मिळवलेल्या प्रमाणपत्राची ओळ तिच्या शेजारीच असे, आणि दोहोंच्या वजनात फारसा फरक नसे.

उच्च शिक्षणातील कर्मचाऱ्यांच्या क्षमतेविषयी चर्चा होते तेव्हा ती नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, पीएच.डी., शोधनिबंध आणि फार तर अध्यापनाची पद्धत यांच्याभोवती फिरते. कार्यसंस्कृतीविषयी बोलणे निघाले की शिस्त, हजेरी आणि बायोमेट्रिक यंत्र येते. व्यवस्थापनाविषयी बोलणे निघाले की संस्थाचालकांचे राजकारण येते. हे तिन्ही विषय महत्त्वाचे असले तरी त्यांच्या मधोमध एक मोठी जागा रिकामी राहते. संस्था रोज चालवणे हे एक स्वतंत्र, शिकावे लागणारे कौशल्य आहे, हे आपल्या महाविद्यालयीन व्यवस्थेने कधी मान्यच केलेले नाही. ते पदासोबत आपोआप येते, असे धरून चालले जाते. जोवर हे गृहीतक टिकून आहे तोवर माणसे कितीही लायक निवडली तरी त्यांची लायकी कामात उतरणार नाही, असे माझे मत आहे.

प्राचार्यपदाचेच पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे प्राचार्य होण्यासाठी पीएच.डी., अध्यापन वा संशोधनाचा किमान पंधरा वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि संशोधनाचे किमान ११० गुण लागतात. या पात्रतेत प्रशासनाच्या अनुभवाची अट नाही. ज्याने आयुष्यात एकदाही अंदाजपत्रक मांडलेले नाही, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा तक्ता) तपासून घेतलेली नाही, दोन विभागांतील भांडण मिटवलेले नाही, रजेच्या अर्जावर नकार लिहून त्या माणसाशी दुसऱ्या दिवशी बोललेले नाही, असा प्राध्यापक नियमाने पूर्णपणे पात्र ठरतो. उलट, ज्याने वीस वर्षे परीक्षा विभाग सांभाळला आणि त्यापायी ज्याचे लेखन मागे पडले, तो अर्जच करू शकत नाही. संशोधन करणारा माणूस चांगला प्रशासक होऊ शकत नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. असे प्राचार्य मी पाहिले आहेत. परंतु ते तसे निघाले हा योगायोग होता, निवडीच्या पद्धतीचा गुण नव्हता.

प्राचार्याची मुदत पाच वर्षांची असते आणि मूल्यमापनानंतर ती आणखी पाच वर्षांसाठी वाढवता येते. नियम म्हणून हे योग्य आहे. पण हे घड्याळ नियमित नेमणूक झाली तरच सुरू होते. राज्यात कितीतरी महाविद्यालयांत प्राचार्याच्या दारावरील पाटीवर 'प्रभारी' हा शब्द वर्षानुवर्षे टिकून राहतो. प्रभारी माणसाला सही करता येते, निर्णय घेता येत नाही. निदान घ्यावासा वाटत नाही. त्याला ठाऊक असते की नियमित नेमणुकीच्या वेळी हेच सहकारी, हीच संस्था आणि उच्च शिक्षण विभागाचे हेच सहसंचालक कार्यालय त्याच्यापुढे असणार आहे. कोणालाही न दुखावणे हेच मग त्याचे धोरण होते. मला यात सर्वांत चमत्कारिक वाटते ते हे, की प्राचार्याच्या निवृत्तीची तारीख तो नोकरीला लागला त्या दिवशीच ठरलेली असते. जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर असते. तरीही पद भरण्याच्या हालचाली पद रिकामे झाल्यावर सुरू होतात, पद भरण्यासाठी शासनाचे ना हरकत प्रमाणपत्र मागायला आणखी काही महिने जातात, आणि दरम्यान ज्येष्ठताक्रमाने पुढे असलेल्या कोणाच्या तरी गळ्यात ते घोंगडे पडते. जुन्या आणि नव्या प्राचार्यांनी एक महिना एकत्र काम केले आहे, असे माझ्या नोकरीच्या काळात एकदाही घडलेले मी पाहिले नाही.

जे मोजले जाते तेच माणसे करतात, हे तर आपण चांगलेच अनुभवले आहे. २०१० च्या नियमावलीने शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आणली. हेतू चांगला होता: मर्जीवर चालणाऱ्या पदोन्नतीला काही वस्तुनिष्ठ आधार मिळावा. परिणाम असा झाला की शोधनिबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचा धंदा फोफावला; पैसे भरा आणि आठवडाभरात निबंध छापून घ्या. अखेर मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच मान्य केलेल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली, आणि पुढे विश्वासार्ह नियतकालिकांची नवी यादी करण्याचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात उभे राहिले. ही यादीही आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. या सगळ्या काळात वर्गात शिकवणाऱ्या, प्रयोगशाळा चालती ठेवणाऱ्या, शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत भरून घेणाऱ्या माणसांच्या कामाचे काय झाले, हा प्रश्न कोणत्याही यादीत नव्हता.

मूल्यांकनाची गतही तीच आहे. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेच्या २०१७ च्या आराखड्यात सात निकष आणि १००० गुण होते. त्यांपैकी प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन या सहाव्या निकषाला १०० गुण. म्हणजे व्यवस्थापनाकडे कोणी पाहिलेच नाही, असे म्हणता येणार नाही. प्रश्न पाहण्याच्या पद्धतीचा आहे. विकेंद्रित कारभाराचा पुरावा म्हणून समित्यांची यादी जोडायची, कर्मचारी कल्याणाचा पुरावा म्हणून परिपत्रक जोडायचे, प्रशिक्षणाचा पुरावा म्हणून छायाचित्र जोडायचे. तेही ठिकाण आणि वेळ दिसेल असे. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात काम करताना मीही अशी शेकडो छायाचित्रे गोळा केली आहेत. एका कार्यशाळेला वक्ते उशिरा आले, तेव्हा आम्ही आधी छायाचित्र काढून घेतले आणि मग व्याख्यानाची वाट पाहिली. तेव्हा त्यात कोणालाच काही गैर वाटले नाही, मलाही नाही. कार्यसंस्कृती म्हणतात ती अशीच घडते. कोणी अप्रामाणिक होण्याचे ठरवत नाही. पुरावा आधी आणि काम नंतर, हा क्रम अंगवळणी पडतो.

आता कार्यालयाकडे वळतो, कारण या विषयावरील बहुतेक लेखन प्राध्यापकांनी प्राध्यापकांसाठी केलेले असते आणि त्यात कार्यालय एखाद्या फर्निचरसारखे असते. महाविद्यालयाचे कार्यालय म्हणजे मुख्य लिपिक, लेखापाल, वरिष्ठ आणि कनिष्ठ लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा परिचर. विद्यार्थ्याचा महाविद्यालयाशी पहिला संबंध येतो तो यांच्या खिडकीपाशी. पात्रता, परीक्षा अर्ज, महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती, स्थलांतर प्रमाणपत्र, गुणपत्रिकेतील नावाची दुरुस्ती या सर्व कामांत नियम दरवर्षी थोडे बदलतात आणि संकेतस्थळ दरवर्षी पूर्ण बदलते. एका बाजूला अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय क्रमवारी, तिसऱ्या बाजूला नॅक, चौथ्या बाजूला विद्यापीठ, पाचव्या बाजूला सहसंचालक कार्यालय. विद्यार्थिसंख्या सर्वांनाच हवी असते, पण प्रत्येकाचा तक्ता वेगळा. 'सदर माहिती आज सायंकाळी पाचपर्यंत सादर करावी' असा संदेश दुपारी दोनला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. त्या तीन तासांत जो लिपिक हे उरकतो त्याची क्षमता कोणत्या अहवालात नोंदवली जाते? त्याच्या गोपनीय अहवालात 'चांगला' असे लिहिले जाते; शेजारच्या टेबलावरील, पाच वाजता न चुकता उठणाऱ्याच्या अहवालातही 'चांगला' असेच लिहिले जाते.

या माणसांचे महत्त्व आपल्याला कळते ते खिडकी बंद झाल्यावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरातील विद्यापीठे आणि महाविद्यालये यांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी संप केला. आश्वासित प्रगती योजना (पदोन्नती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी), सातव्या वेतन आयोगाची थकबाकी, रिक्त पदे अशा त्यांच्या मागण्या होत्या. ऐन परीक्षांच्या तोंडावर हे झाले आणि अनेक ठिकाणी परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या दिवसांत प्राध्यापकांच्या खोलीत मी ऐकलेले एक वाक्य असे होते की 'हे लोक एरवी करतात तरी काय?' परीक्षा का होत नव्हत्या, याचे उत्तर त्या प्रश्नातच होते, पण विचारणाऱ्याच्या ते लक्षात आले नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे महाविद्यालय विकास समितीत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक निवडून आलेला प्रतिनिधी असतो आणि समितीने वर्षातून किमान चार वेळा भेटायचे असते. मी पाहिलेल्या इतिवृत्तांत त्या प्रतिनिधीचे नाव उपस्थितांच्या यादीत असे. तो काय बोलला याची नोंद मला क्वचितच आढळली.

क्षमता असूनही व्यवस्थापन फसले की काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण मुंबई विद्यापीठाचे आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या आणि दीर्घकाळ परीक्षा घेण्याची यंत्रणा म्हणूनच ओळखल्या गेलेल्या या विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. पद्धत वाईट नव्हती. ती आज इतरत्र वापरली जाते आणि मुंबईतही पुढे रुळली. तपासणारे शिक्षक नवखे नव्हते. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यभर गठ्ठेच्या गठ्ठे तपासले होते. परंतु नव्या पद्धतीची आधी छोट्या प्रमाणावर परीक्षा घेऊन पाहणे, शिक्षकांना सवय होऊ देणे, स्कॅनिंगचा वेग आणि तपासणीचा वेग यांचा हिशेब मांडणे, काही बिघडल्यास जुन्या पद्धतीकडे परतण्याची वाट मोकळी ठेवणे, या गोष्टी व्हायला हव्या होत्या तशा झाल्या नाहीत. कुलपती या नात्याने राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली, काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिकेची वाट पाहणारे विद्यार्थी अडकून पडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. या प्रकरणाची चर्चा बहुधा एका व्यक्तीच्या हट्टाची गोष्ट म्हणून केली जाते. मला त्यात दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात असे अनुभवी लोक नक्कीच होते, ज्यांना हे जमणार नाही हे एप्रिलमध्येच दिसत असणार. त्यांचे म्हणणे वरपर्यंत पोहोचण्याची सोय कुठे होती? ज्या कार्यालयात 'वरून आले आहे' हे शेवटचे वाक्य असते, तेथे खालच्या माणसाचे ज्ञान खालीच राहते.

रिक्त पदांचा मुद्दा मी मुद्दाम येथवर मागे ठेवला होता, कारण तो पुढे आला की बाकी सगळे झाकले जाते. परंतु तो टाळता येणार नाही. २०१७ मध्ये राज्याने पदभरती थांबवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापक पदांना परवानगी मिळाली. कोविडच्या काळात भरती पुन्हा अडली. २०२१ मध्ये २,०८८ पदांना मान्यता मिळाली. मधल्या काळात निवृत्त होणारे थांबले नव्हते. त्यांची जागा तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी घेतली. एकाच शिक्षक-कक्षात एक माणूस सातव्या वेतन आयोगाचा पगार घेतो आणि त्याच्या शेजारी बसलेला, तितकाच शिकलेला, अनेकदा त्याच्याहून चांगले शिकवणारा माणूस तासाला काही शे रुपयांवर काम करतो; तेही सत्र संपल्यावर आणि बिल मंजूर झाल्यावर. दिवाळीच्या सुटीत त्याला काही मिळत नाही. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला मात्र त्याला हमखास बोलावले जाते, आणि पुढच्या वर्षीची नेमणूक डोळ्यांपुढे असल्याने तो नाही म्हणत नाही. अशा दुपेडी व्यवस्थेत कार्यसंस्कृतीविषयी व्याख्यान देणाऱ्याने निदान श्रोत्यांत कोण बसले आहे आणि कोणाला बोलावलेलेच नाही, एवढे पाहून घ्यावे. याला व्यवस्थापनाचे अपयश म्हणावे की सरकारच्या तिजोरीचे, असा वाद घालता येईल. पद भरणे प्राचार्याच्या हाती नाही, हे खरे आहे. परंतु तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याला विभागाच्या बैठकीला बोलावणे, त्याचे बिल वेळेवर वर पाठवणे, त्याला वेळापत्रकात सकाळी साडेसातचा आणि दुपारी तीनचा असे दोन तुटक तास न देणे, हे प्राचार्याच्या आणि विभागप्रमुखाच्या हाती पूर्णपणे आहे. तेही होत नाही तेव्हा दोष केवळ तिजोरीचा राहत नाही.

येथे काहीजण जुन्या काळाकडे बोट दाखवतील. त्यागी शिक्षकांनी संस्था उभारल्या, तेव्हा कोणी व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम केले होते, असा त्यांचा प्रश्न असतो. तो काळ मला आदरणीय वाटतो, पण तो आपण समजतो तितका सोपा नव्हता. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. अल्प वेतनावर वाहून घेणाऱ्या आजीव सदस्यांनी ती चालवली. त्याच संस्थेत आजीव सदस्यांनी बाहेरची कामे करावीत का, जादा पैसे घ्यावेत का, सगळा वेळ संस्थेलाच द्यावा का, यावरून इतका तीव्र वाद झाला की १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. टिळक आणि आगरकर यांच्यातील मतभेदांची चर्चा आपण सामाजिक सुधारणेच्या अंगाने करतो. त्यांच्यातला एक झगडा आजच्या भाषेत सेवाशर्तींचा होता, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यांच्या त्यागाविषयी शंका नाही. परंतु त्यागी माणसांनाही कामाची वाटणी, वेळेचा हिशेब आणि मतभेद हाताळण्याची रीत लागते, आणि ती नसेल तर चांगली माणसे चांगल्या माणसांपासून दुरावतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने याचे एक वेगळे उत्तर शोधले. पसाऱ्याने मोठ्या झालेल्या त्या संस्थेत शाखांतून बदल्या होतात, त्यामुळे एकाच गावात एकाच खुर्चीवर मुळे धरण्याची सवय मोडते आणि एका शाखेत शिकलेली रीत दुसऱ्या शाखेत जाते. बदली ही शिक्षा म्हणूनही वापरता येते, ही त्याची काळी बाजू आहे. एकच महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेला तर हा मार्गच नाही.

दुसरा आक्षेप नव्या दिशेने येतो. प्राध्यापकांना व्यवस्थापन जमत नसेल तर व्यवस्थापक बाहेरून आणा, असा तो आहे. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात उद्योग, सार्वजनिक प्रशासन आणि सार्वजनिक धोरण या क्षेत्रांतील ज्येष्ठ पदांवर दहा वर्षे काम केलेल्यांनाही कुलगुरुपदासाठी पात्र ठरवण्याची तरतूद होती. त्यावर काही राज्यांनी कडाडून विरोध केला. तो बहुतांशी केंद्र-राज्य अधिकारांचा वाद होता. माझी हरकत वेगळी आहे. व्यवस्थापन हे कौशल्य आहे असे मी म्हणतो, तेव्हा ते कोणत्याही कारखान्यातून उचलून महाविद्यालयात बसवता येईल असे सुचवत नाही. महाविद्यालयात ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे त्यांच्यापैकी निम्म्यांना आपल्या विषयातले प्राचार्यापेक्षा अधिक कळते, आणि कळायलाच हवे. त्यांच्या कामाचा मुख्य भाग बंद दाराआड, चाळीस-पन्नास मिनिटांच्या वर्गात होतो आणि त्याचे फळ दहा वर्षांनी दिसते. येथे हुकूम चालत नाही, आणि नुसते आर्जवही पुरत नाही. वर्ग घेतलेला नाही अशा माणसाला हे समजणे अशक्य नाही, पण अवघड आहे. म्हणून बाहेरचा व्यवस्थापक आणण्यापेक्षा आतल्या माणसाला व्यवस्थापन शिकवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

शिकवायचे म्हणजे काय, हेही सांगायला हवे. मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात शैक्षणिक नेतृत्व, प्रशासन आणि व्यवस्थापन हा एक विषय आहे, आणि त्याची दखल घेतली पाहिजे. परंतु अशा अभ्यासवर्गांचा माझा अनुभव असा की तेथे धोरण शिकवले जाते, काम शिकवले जात नाही. विभागप्रमुख होणाऱ्याला दृष्टी आणि ध्येय यांवरील व्याख्यानापेक्षा तीन-चार प्रत्यक्ष गोष्टी शिकवाव्यात: एखाद्या सहकाऱ्याविरुद्ध तक्रार आली तर पहिल्या चोवीस तासांत काय करावे आणि काय करू नये, बैठक तासाभरात कशी संपवावी, टिपणी अशी कशी लिहावी की ती सहसंचालक कार्यालयातून त्रुटी काढून परत येणार नाही, आणि न शिकवणाऱ्या ज्येष्ठाशी कसे बोलावे. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि ती टाळण्यासाठीच आपल्याकडे परिपत्रके निघतात. हे शिकवायला निवृत्त प्राचार्य, कुलसचिव आणि मुख्य लिपिक यांच्याहून योग्य माणसे मिळणार नाहीत. मुख्य लिपिकाला साधन-व्यक्ती म्हणून बोलावल्याचे मी मात्र अद्याप ऐकलेले नाही.

प्राचार्यपदाच्या पात्रतेत उपप्राचार्य, परीक्षाप्रमुख, विभागप्रमुख किंवा तत्सम जबाबदारीवर निदान तीन वर्षे काम केल्याची अट घालावी, आणि तेवढ्या प्रमाणात शोधनिबंधांची संख्या कमी करावी. निवृत्तीपूर्वी सहा महिने जाहिरात निघालीच पाहिजे, आणि न निघाल्यास त्याचे लेखी कारण संस्था आणि सहसंचालक या दोघांनीही द्यावे, असा नियम करायला पैसा लागत नाही. माहिती मागणाऱ्या कार्यालयांनी आपापसांत एक तक्ता ठरवावा आणि वर्षातून एकदाच मागावा; हे काम महाविद्यालयांचे नाही, वरच्यांचे आहे, आणि व्यवस्थापनाच्या परिणामकारकतेचे धडे द्यायचे तर ते तेथून सुरू करावेत.

वेळापत्रकासारख्या कामांना गुण द्यावेत, असे मात्र मी म्हणणार नाही. गुण दिले की वर्षभरात प्रत्येक महाविद्यालयात दहाजणांची वेळापत्रक समिती होईल, तिची चार इतिवृत्ते होतील, आणि काम पूर्वीसारखे तो एकटाच करील. त्याला गुण नकोत, वेळ हवा. आठवड्याच्या सोळा तासांतून त्याचे चार तास कमी करावेत आणि त्याच्यासोबत एक तरुण सहकारी बसवावा, जो तीन वर्षांनी ते काम घेईल. असे केले तर त्या चार तासांसाठी दुसरा शिक्षक नेमावा लागेल, म्हणजे पुन्हा प्रश्न पदांपाशी येतो, हे मला ठाऊक आहे. तरीही चार तासांचा खर्च आणि जूनमध्ये वाया जाणारे तीन आठवडे यांची तुलना कोणीतरी एकदा मांडून पाहावी.

मी निवृत्त झालो तेव्हा कार्यभार हस्तांतरणाची छापील यादी माझ्यापुढे ठेवण्यात आली. ग्रंथालयाची पुस्तके, ओळखपत्र, कपाटाची किल्ली, जडवस्तू नोंदवहीतील एक गणकयंत्र. मी प्रत्येक नोंदीपुढे सही केली. वेळापत्रकाची वही माझ्या पिशवीत होती. अकरा वर्षांच्या खाडाखोडीची, कोणत्या खोलीत किती बाके आहेत आणि कोणाला गुरुवारी तास का देऊ नये, याच्या टिपा असलेली. ती कोणाला द्यायची, असे मी मुख्य लिपिकांना विचारले. त्यांनी यादी वरून खालपर्यंत पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "सर, यात तिचा रकाना नाही."